सशाचा डोळा, माणसाचा डोळा

१. हे यांना कळलं कसं?

केसांना लावायच्या डायचं कुठलंही खोकं उलटून पाहा. मागच्या बाजूला, भिंग घेऊन वाचावी लागेल इतक्या बारीक अक्षरांत एक ताकीद असते: पापण्या किंवा भुवया रंगवण्यासाठी वापरू नये, अंधत्व येऊ शकतं. ही ताकीद छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. फरशी पुसायच्या द्रावणावर, संडास धुवायच्या ॲसिडच्या बाटलीवर, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरही वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगितलेलं असतं. डोळ्यांत जाऊ देऊ नका, गेलंच तर भरपूर पाण्याने धुवा.

हे वाचताना अनेकांच्या मनात एक सरळ प्रश्न येऊन जातो. हे यांना कळलं कसं? कुणाच्या डोळ्यात घालून बघितलं का?

हो, बघितलं. आधी बायकांच्या डोळ्यांत, त्यांना कसलीही कल्पना नसताना. नंतर सशांच्या डोळ्यांत, ठरवून आणि मोजूनमापून. सशाच्या डोळ्याने दिलेलं उत्तर किती भरवशाचं आणि त्याच्यावाचून तेच उत्तर मिळतं का, हे या प्रकरणात पाहायचं आहे. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण इथे दोन्ही बाजूंना डोळेच आहेत. माणसाचा डोळा वाचवायलाच हवा, यात वाद नाही. पण म्हणून सशाच्या डोळ्याचा हिशेब कुणी मागायचाच नाही, असं होत नाही.

२. पापण्यांचा रंग

१९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा एक रंग विकला जात होता. ब्यूटी पार्लरमध्ये जाऊन बायका त्याने पापण्या आणि भुवया काळ्या करून घेत. त्यात पॅराफेनिलिनडायमिन हे रसायन होतं. व्यवहारात त्याला पीपीडी म्हणतात. आपल्याकडच्या कित्येक काळ्या डायमध्ये आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांमध्ये ते आजही असतं.

लॅश ल्यूरने काही बायकांचे डोळे सुजून बंद झाले, बुबुळावर व्रण पडले. काहींची दृष्टी कायमची गेली आणि निदान एकीचा तरी जीव गेला. सरकारच्या हाती मात्र काहीच नव्हतं. तिथला १९०६ चा कायदा अन्न आणि औषधांपुरता होता, प्रसाधनं त्यात नव्हतीच. बाटली जप्त करायला कलम सापडेना. शेवटी अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, अशा घातक मालाचं एक प्रदर्शन मांडलं. त्यात एका तरुण बाईचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते, रंग लावण्याआधीचा आणि नंतरचा. १९३८ मध्ये नवा कायदा आला, प्रसाधनं त्याच्या कक्षेत आली आणि त्याखाली अगदी सुरुवातीला ज्या मालावर जप्ती आली त्यात लॅश ल्यूर होतं.

कायदा झाला की मोजमाप लागतं. 'डोळ्यांना घातक' म्हणजे किती घातक? कंपनी म्हणणार, जरा चुरचुरतं एवढंच. अधिकारी म्हणणार, नाही, इजा होते. कोर्टात उभा राहील असा आकडा हवा होता. तो १९४४ मध्ये एफडीएतले शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ आणि त्यांचे सहकारी वुडर्ड आणि कॅल्व्हरी यांनी पुढे ठेवला. पुढची कित्येक दशकं जगभर त्यांचीच पद्धत चालली. लोक तिला ड्रेझ चाचणी म्हणतात.

३. आधी डोळ्याचा पुढचा भाग

चाचणी समजायची तर डोळ्याच्या तीन भागांची ओळख लागते.

सगळ्यात पुढे असतो कॉर्निया, म्हणजे पारपटल. बुबुळावर बसवलेला हा पारदर्शक पडदा माणसात जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो स्वच्छ राहतो. त्याचा बाहेरचा थर पेशींच्या पाच-सात पदरांचा असतो. खरचटला तर तो काही दिवसांत भरून येतो. मधला थर सगळ्यात जाड, तंतूंचा. तो बिघडला की व्रण राहतो आणि तिथून उजेड नीट जात नाही. यालाच आपण डोळ्यात फूल पडलं म्हणतो. सगळ्यात आतला थर पेशींच्या एकाच पदराचा असतो. कॉर्नियात शिरणारं पाणी सतत बाहेर उपसत राहणं हे त्याचं काम. माणसात या आतल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा भाग आयरिस, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा. बाहुली लहान-मोठी होते ती त्याच्यामुळे. तिसरा भाग डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून आणि पापण्यांच्या आतून गेलेलं पातळ, ओलसर आवरण. डोळे येतात तेव्हा लाल होतं ते हेच.

रसायन डोळ्यात गेलं की काय होतं, हे ते रसायन कसलं आहे यावर ठरतं. आम्ल कॉर्नियातल्या प्रथिनांच्या गुठळ्या करतं. इजा होतेच, पण बहुतेक वेळा त्या गुठळ्याच पुढचा रस्ता अडवतात आणि आम्ल फार खोल जात नाही. अल्कलीचं तसं नाही. पेशींच्या आवरणात चरबी असते. अल्कली तिचा साबण करून टाकतो, वाट मोकळी होते आणि तो आत शिरतच राहतो. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना आम्लापेक्षा अल्कलीचा धाक जास्त.

याचं घरगुती उदाहरण म्हणजे तंबाखूचा चुना. प्लास्टिकची पुडी किंवा ट्यूब मुलांच्या हाती लागते, दाबली की फुटते आणि आतला लगदा सरळ डोळ्यात उडतो. चुन्याचा पीएच बाराच्या वर असतो. शिवाय तो चिकटतो. त्याचे कण वरच्या पापणीच्या आत दडून बसतात आणि वरवर डोळा धुतला तरी आत जळत राहतात. अशा वेळी स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं न थांबता सोडायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा, म्हणजे ते पापणी उलटवून कण काढतील. तूप, दूध, मध यांतलं काहीही डोळ्यात घालायचं नाही.

चुन्याने डोळा जातो हे कळायला ससा लागत नाही. पीएच कागदाची पट्टी पुरते. ही साधी गोष्ट नियमांत यायला मात्र बराच काळ जावा लागला. आज आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते की पीएच २ किंवा त्याहून कमी, अथवा ११.५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो पदार्थ डोळ्याला घातक धरून चाला, प्राण्यावर तपासत बसू नका.

४. सशाच्या डोळ्यात

चाचणी अशी चाले. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या सशाची खालची पापणी हलकेच ओढून वाटीसारखी करायची. तिच्यात तपासायच्या द्रवाचा ०.१ मिलिलिटर थेंब टाकायचा किंवा साधारण तेवढ्याच वजनाची, ०.१ ग्रॅम पूड. दोन्ही पापण्या क्षणभर मिटून धरायच्या, म्हणजे पदार्थ बाहेर पडत नाही. दुसऱ्या डोळ्यात काही घालायचं नाही, तो तुलनेसाठी. मग एका तासाने, चोवीस तासांनी, अठ्ठेचाळीस तासांनी, बहात्तर तासांनी डोळा पाहायचा. इजा राहिली तर एकवीस दिवसांपर्यंत पाहत राहायचं.

सशाने पंजाने डोळा चोळू नये म्हणून अनेक प्रयोगशाळांत त्याला खोड्यात ठेवत. शरीर पेटीत बंद, मान अडकवलेली, फक्त डोकं बाहेर. डोळा बधिर करायचे थेंब बहुतेक ठिकाणी देत नसत, कारण त्यामुळे निकाल बदलेल अशी भीती होती. आगाऊ वेदनाशामक आणि बधिरतेचे थेंब द्यावेत असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेत स्पष्टपणे आलं ते २०१२ मध्ये. चाचणी जन्मल्यानंतर अडुसष्ट वर्षांनी.

ससाच का? त्याचा डोळा मोठा असतो, तो गरीब असतो, चावत नाही, पाळायला स्वस्त. पांढऱ्या जातीच्या सशाच्या डोळ्यात रंगद्रव्य नसल्याने लाली चटकन दिसते. यातलं एकही कारण, सशाचा डोळा माणसाच्या डोळ्यासारखा आहे, असं सांगत नाही. सगळी कारणं माणसाच्या सोयीची आहेत.

५. एकशे दहा गुण

ड्रेझ यांचं खरं योगदान म्हणजे पाहिलेल्याला गुण देणं. हिशेब सोपा आहे.

कॉर्निया किती धूसर झाला याला ० ते ४. त्यातला किती भाग धूसर झाला याला १ ते ४. दोन्हींचा गुणाकार करून पाचाने गुणायचं. म्हणजे जास्तीत जास्त ४ × ४ × ५ = ८०. आयरिसला ० ते २, पुन्हा पाचाने गुणून जास्तीत जास्त १०. बाहेरच्या ओलसर आवरणाची लाली ० ते ३, सूज ० ते ४, डोळ्यातून येणारा स्राव ० ते ३. या तिन्हींची बेरीज करून दोनाने गुणायचं, जास्तीत जास्त २०. एकूण ११०.

कॉर्नियाला ११० पैकी ८० का, हे आता सांगायला नको. दृष्टी जाते ती तिथे. लाली उतरते, फूल उतरेलच असं नाही.

आता दोन ससे घ्या. पहिल्याचा डोळा भयंकर लाल आहे (३), सुजून मिटला आहे (४), सतत वाहतो आहे (३), पण कॉर्निया स्वच्छ आहे. गुण (३ + ४ + ३) × २ = २०. दुसऱ्याचा डोळा मध्यम लाल (२), थोडा सुजलेला (२), किंचित ओलसर (१), म्हणजे १०. पण त्याचा कॉर्निया हलकासा धूसर आहे (१) आणि धूसरपणा अर्ध्याच्या आत पसरलाय (२). म्हणजे १ × २ × ५ = १०. त्याचेही एकूण २०.

शाळेच्या गुणपत्रिकेत दोन मुलांची टक्केवारी सारखी आली म्हणून दोघांना गणित सारखंच येतं असं कुणी म्हणणार नाही. इथे मात्र बरीच वर्षं एकूण बेरजेकडे पाहिलं गेलं. पहिला डोळा आठवड्याभरात ठीक होऊ शकतो. दुसऱ्याच्या बाबतीत काळजी करायला हवी. बेरीज म्हणते, दोघं सारखेच. पुढे नियमावल्यांनी हा दोष ओळखला. आता जगभर रसायनांचं जे वर्गीकरण चालतं त्यात बेरीज नसते. प्रत्येक भागाची इजा वेगळी बघतात आणि ती किती दिवसांत बरी झाली यावर वर्ग ठरतो. सात दिवसांत बरी झाली तर सौम्य दाहक, एकवीस दिवसांत झाली तर दाहक, एकवीस दिवसांनीही राहिली तर गंभीर इजा.

६. सशाचं उत्तर माणसाला लागू पडतं का?

सशाला अश्रूच येत नाहीत, असं पुष्कळदा लिहिलेलं आढळतं. ते खरं नाही. अश्रूंच्या ग्रंथी त्याला असतात, अश्रू वाहून नेणारी नळीही असते. प्राण्यांच्या कळवळ्याने लिहिणाऱ्यांनी ही चूक टाळली पाहिजे, कारण खरे फरक पुरेसे मोठे आहेत.

माणूस मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी लववतो. ससा तासात मोजक्याच वेळा. डोळ्यात काही गेलं की आपण पटापट डोळे मिचकावतो, घळाघळा पाणी येतं, पदार्थ पातळ होतो, वाहून जातो. सशाच्या डोळ्यात तो रेंगाळतो. सशाला आतून सरकणारी तिसरी पापणी असते, ती माणसाला नाही. त्याचा कॉर्निया आपल्यापेक्षा पातळ असतो. शिवाय ०.१ मिलिलिटर ही मात्राच मोठी. माणसाच्या डोळ्यात इतकं द्रव मावतच नाही, ओघळून जातं. हे सगळं पाहता सशाचा डोळा माणसाच्या डोळ्यापेक्षा जास्त भोगतो, म्हणजे चाचणी सावधगिरीच्या बाजूने चुकते, असा युक्तिवाद बरीच वर्षं केला गेला.

पण मघाचा आतला एकपदरी थर आठवा. माणसात मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येत नाहीत. सशात येतात. म्हणजे सशाचा डोळा ज्या इजेतून बरा होईल, त्याच इजेतून माणसाचा होईलच असं नाही. चूक कुठल्या बाजूला पडेल हे आधी सांगता येत नाही, ही माझ्या मते या चाचणीतली सगळ्यात मोठी अडचण आहे.

त्यात आणखी एक गोष्ट. लॅश ल्यूरचं पीपीडी मुख्यतः ॲलर्जीने इजा करतं. काहींना काहीच होत नाही, काहींचं अंग मात्र भडकतं. ड्रेझ चाचणी ॲलर्जी शोधण्यासाठी बनवलेलीच नाही. ज्या दुर्घटनेमुळे हा सगळा खटाटोप सुरू झाला, ती या चाचणीने टळलीच असती असं म्हणता येत नाही.

७. तोच पदार्थ, वेगळा निकाल

१९७१ मध्ये कॅरोल वाइल आणि रॉबर्ट स्काला या दोन अमेरिकी विषशास्त्रज्ञांनी एक साधी, पण कुणी न केलेली गोष्ट केली. तेच पदार्थ आणि तीच लेखी पद्धत त्यांनी सुमारे दोन डझन प्रयोगशाळांना पाठवली आणि सशांच्या डोळ्यांवर आणि त्वचेवर तपासायला सांगितलं. एकाच पदार्थाला काही प्रयोगशाळांनी 'दाहक नाही' म्हटलं आणि काहींनी 'अतिशय दाहक'.

कारण समजायला अवघड नाही. गुण देणारा माणूस असतो. 'हलकासा धूसर' कुठे संपतो आणि 'स्पष्ट धूसर' कुठे सुरू होतो, हे त्याने नजरेने ठरवायचं. शिवाय एक ससा दुसऱ्यासारखा नसतो, थेंब दरवेळी सारखाच पसरत नाही. या चाचण्या नव्या नियमांत प्रमाण पद्धत म्हणून घालू नयेत, अशी शिफारस वाइल आणि स्काला यांनी केली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, विकसित देशांच्या ओईसीडी या संघटनेने ड्रेझ चाचणीलाच क्रमांक ४०५ देऊन आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणून मंजुरी दिली.

यापेक्षा बोलका पुरावा नंतर मिळाला. युरोपच्या रसायन कायद्यामुळे कंपन्यांनी जमा केलेल्या हजारो चाचण्यांची माहिती खुली झाली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका गटाने ती चाळून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या पदार्थांवर सशाची चाचणी एकाहून अधिक वेळा झाली होती, ते त्यांनी वेगळे काढले. एकदा 'गंभीर इजा' असा निकाल आलेल्या पदार्थाला पुन्हा तोच निकाल येण्याची शक्यता तीनचतुर्थांशाहून थोडी कमी निघाली, आणि सुमारे एक दशांश शक्यता पुढच्या वेळी 'काही होत नाही' असा निकाल येण्याची. मधल्या वर्गातल्या पदार्थांचं तर आणखी वाईट. एकदा 'दाहक' ठरलेला पदार्थ दुसऱ्यांदा 'निर्धोक' ठरण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होती.

हे वाचून सशांबद्दल वाईट वाटतंच. पण बाटलीवर मजकूर छापणाऱ्याने आणि ती बाटली विकत घेणाऱ्यानेही अस्वस्थ व्हावं असे हे आकडे आहेत.

८. हेन्री स्पायरा

चाचणी बदलायला हवी, हे शास्त्रज्ञांना कळत होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांना पर्याय शोधा, शक्य नसेल तिथे संख्या घटवा, आणि जे करावंच लागेल त्यात वेदना कमी करा, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च या दोन इंग्लिश संशोधकांनी १९५९ मध्येच मांडली होती. पण पैसे कोण घालणार?

हेन्री स्पायरा बेल्जियममधल्या अँटवर्पला १९२७ मध्ये जन्मले. अमेरिकेत त्यांनी बोटीवर खलाशी म्हणून काम केलं, कामगार चळवळीत राहिले, पुढे न्यूयॉर्कमध्ये शाळामास्तर झाले. त्यांनी रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीशी बोलणी सुरू केली. मागणी अशी की दर दहा हजार डॉलर विक्रीमागे एक डॉलर पर्यायी पद्धतींच्या संशोधनाला द्या. बोलणी दीड-दोन वर्षं चालली, हाती काही आलं नाही. १५ एप्रिल १९८० रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात झळकली. सौंदर्यासाठी रेव्हलॉन किती सशांना आंधळं करते, असा तिचा सवाल होता.

त्या वर्षाच्या अखेरीस रेव्हलॉनने रॉकफेलर विद्यापीठाला तीन वर्षांसाठी साडेसात लाख डॉलर जाहीर केले. मग इतर कंपन्या आल्या. प्रसाधन उद्योगाच्या पैशातून १९८१ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये पर्यायी पद्धतींचं केंद्र सुरू झालं. मघाचे २०१६ चे आकडे काढणारे संशोधक याच केंद्रातले.

स्पायरा यांची मला भावलेली गोष्ट म्हणजे त्यांची मागणी. 'आजच्या आज बंद करा' एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. दुसरी पद्धत शोधा आणि तिच्यासाठी पैसे द्या, असं त्यांनी मागितलं. ज्याच्याशी भांडायचं त्यालाच कामाला लावणं सोपं नसतं.

९. प्रश्नाचे तुकडे

सशाच्या डोळ्याला बदली म्हणून एकच जादूची पद्धत सापडेल, अशी सुरुवातीला आशा होती. ती सापडली नाही. सापडलं ते हे, की 'डोळ्याला काय होईल' हा एक प्रश्न नसून त्यात अनेक प्रश्न आहेत. कॉर्निया धूसर होतो का? त्याचा बाहेरचा थर फाटून गळायला लागतो का? पेशी मरतात का? रक्तवाहिन्या फुटतात का? प्रत्येकाला वेगळं उत्तर शोधता येतं.

पहिल्या दोन प्रश्नांसाठी खाटीकखान्यातून डोळे आणतात. खाण्यासाठी कापलेल्या जनावरांचे, जे एरवी फेकलेच गेले असते. कॉर्निया कापून एका साच्यात दोन कप्प्यांच्या मधोमध ताणून बसवतात आणि ३२ अंश तापमानाला ठेवतात. द्रव पदार्थ त्याच्यावर दहा मिनिटं ठेवून धुऊन टाकतात. मग पलीकडून उजेड सोडून, किती उजेड अडला ते यंत्र मोजतं. धूसरपणा ठरवायला इथे कुणाची नजर लागत नाही. त्यानंतर पुढच्या कप्प्यात फ्लुरोसीन घालतात. डोळ्याला खरचटलं तर डॉक्टर जी पिवळसर पट्टी लावून निळ्या उजेडात बघतात, तेच हे द्रव्य. धड कॉर्नियातून ते पलीकडे जात नाही. फाटलेल्यातून जातं, आणि किती गेलं तेही यंत्र मोजतं.

गुण काढायचे ते असे: धूसरपणाचा आकडा अधिक पलीकडे गेलेल्या रंगाच्या आकड्याची पंधरा पट. ५५ च्या वर गेलं तर गंभीर इजा. ३ किंवा कमी असेल तर निर्धोक. समजा एखाद्या पदार्थाने धूसरपणा आला फक्त ५, पण रंग गेला ३.५. मग ५ + (१५ × ३.५) = ५७.५. नुसत्या डोळ्यांना हा कॉर्निया जवळपास स्वच्छ दिसला असता. काही साबणी पदार्थ असं करतात. पडदा पांढरा होत नाही, विरतो. मोजलं नसतं तर हे निसटलं असतं.

बेरीज ३ आणि ५५ च्या मध्ये आली तर? तर ही पद्धत स्वच्छ सांगते की माझ्या एकटीच्या आधारावर निर्णय घेऊ नका. मला हा तिचा दोष वाटत नाही.

रक्तवाहिन्यांच्या प्रश्नाचं उत्तर कोंबडीच्या अंड्यात मिळतं. नऊ दिवस उबवलेल्या अंड्याचं कवच वरून कापलं, आतला पांढरा पापुद्रा ओला करून अलगद सोलला, की खाली रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं दिसतं. त्यावर पदार्थ टाकायचा आणि पाच मिनिटं घड्याळ लावून पाहायचं. रक्तस्राव कितव्या सेकंदाला सुरू झाला, वाहिन्या कधी विरल्या, रक्त कधी गोठलं. जर्मनीत नील्स पेटर ल्युपके यांनी १९८५ मध्ये ही पद्धत मांडली. अंड्यातल्या पिल्लाची वेदना जाणवण्याची यंत्रणा या वेळेपर्यंत तयार झालेली नसते, असं मानलं जातं.

आणि तिसरी वाट माणसाच्याच पेशींची. शस्त्रक्रियेत काढलेल्या त्वचेतून वगैरे मिळालेल्या पेशी वाढवून कॉर्नियाच्या बाहेरच्या थरासारखा पदर तयार करतात. त्यावर पदार्थ ठेवतात, धुतात आणि एक पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा रंग जितका कमी तितक्या पेशी मेल्या. साठ टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत राहिल्या तर पदार्थ निर्धोक. जनावरांच्या आणि कोंबडीच्या कापलेल्या डोळ्यांवरच्या पद्धतींना ओईसीडीची मान्यता २००९ मध्ये मिळाली, माणसाच्या पेशींच्या पद्धतीला २०१५ मध्ये. २०२२ मध्ये या पद्धती ठरावीक क्रमाने जोडून, काही द्रव पदार्थांबाबत सशावाचून पूर्ण वर्गीकरण करायची रीतही मंजूर झाली.

१०. कायदा कुठवर पोचला

युरोपने प्रसाधनांसाठीच्या प्राणिचाचण्या टप्प्याटप्प्याने बंद केल्या. २००४ मध्ये तयार मालाच्या, २००९ मध्ये घटकद्रव्यांच्या, आणि मार्च २०१३ मध्ये असा तपासलेला माल विकण्यावरही बंदी आली. भारताने २०१४ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत दोन दुरुस्त्या केल्या. मे महिन्यात देशात प्रसाधनं प्राण्यांवर तपासण्याला बंदी आली आणि त्याच वर्षी अशा आयातीलाही. दक्षिण आशियात हे करणारा भारत पहिला देश.

पण ही बंदी प्रसाधनांपुरती आहे. लिपस्टिक, शाम्पू, काजळ यांना ती लागू होते. कीटकनाशकांना नाही. त्यांचा कायदा वेगळा, १९६८ चा, आणि त्याखालच्या नोंदणीसाठी सशाच्या डोळ्यावरच्या चाचणीची माहिती मागितली जात आली आहे. आणि डोळ्यांना सगळ्यात जास्त धोका कुणाला, असं विचाराल तर उत्तर पाठीवर पंप घेऊन कपाशीत फिरणाऱ्या माणसाला, हेच आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले, आणि दिसेनासं झाल्याची तक्रार घेऊन कित्येक जण आले. डब्यावर सूचना होत्या. गॉगल आणि हातमोजे नव्हते. कपाशी डोक्याच्याही वर वाढली होती, वारा तोंडावर येत होता. सशाने डोळा देऊन मिळवलेली माहिती शेवटच्या माणसापर्यंत पोचतच नसेल, तर ती कुणासाठी मिळवली, हे कंपन्यांना आणि सरकारला विचारायलाच हवं.

११. न सुटलेला भाग

सशावरच्या चाचणीच्या बाजूने बोलणाऱ्या शास्त्रज्ञांचा एक मुद्दा मात्र अजून उभा आहे. कापलेला डोळा काय, अंडं काय, पेशींचा पदर काय, सगळे इजा झाली का ते सांगतात. ती भरून येईल का, हे सांगत नाहीत. वर्गीकरणातला सगळ्यात मोठा फरक तर त्यावरच आहे, एकवीस दिवसांत बरं होतं की नाही.

म्हणून आता जखम भरण्यावर काम चाललं आहे. जर्मनीतल्या आखनमधला एक गट खाण्यासाठी मारलेल्या सशांच्या डोळ्यांतून कॉर्निया काढतो आणि त्याला पोषक द्रव पुरवत काही दिवस जिवंत ठेवतो. त्यावर पदार्थाचा थेंब टाकतात, धुतात आणि रोज फ्लुरोसीन घालून फोटो घेतात. हिरवी चमकणारी जागा काल किती चौरस मिलिमीटर होती आणि आज किती उरली, हे ते मोजतात.